माइक टायसन सोडला, तर समोरच्याला खरी धडकी भरवणारे बॉक्सर कोण? ताकदीमुळे की स्टाईलमुळे?

तुम्ही सांगलीकडचे, कुस्ती बघत वाढलेले, असं प्रश्नात लिहिलंय, म्हणून तिथूनच सुरुवात करते. कुंडलच्या मैदानात खडाखडी, म्हणजे कुस्तीच्या सुरुवातीची हात-मानेची झटापट, सुरू झाली की जाणत्या पैलवानाला पहिल्या हातातच कळतं, समोरच्याच्या मानेत किती जोर आहे. बॉक्सिंगमध्ये हे काम जॅब करतो, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा. तो गार्डवर, म्हणजे बचावाला वर धरलेल्या हातांवर, बसला तरी हाडापर्यंत निरोप जातो.

मी साताऱ्याची. राज्य स्पर्धेपर्यंत खेळले, आता संध्याकाळी पोरापोरींना शिकवते. माझं मत असं की ताकदीची धास्ती रिंगमध्ये उतरण्याआधी जास्त असते. उतरल्यावर माणूस हवालदिल होतो तो वेगळ्याच बॉक्सरसमोर: जो त्याला त्याच्या सोयीच्या अंतरावर उभंच राहू देत नाही. हे कसब आणि ताकद एकाच अंगात आली, तर मात्र पळायला जागा उरत नाही.

सॉनी लिस्टन तसा होता. उंची ६ फूट १ इंच, पण दोन्ही हात पसरले की ८४ इंच. एवढ्या लांबून येणारा त्याचा जॅब इतरांच्या जोरकस उजव्या ठोशासारखा बसायचा. सप्टेंबर १९६२ मध्ये शिकागोत त्याने जगज्जेत्या फ्लॉइड पॅटरसनला २ मिनिटं ६ सेकंदांत झोपवलं. पुढच्या जुलैत लास व्हेगासला परत गाठ पडली, तेव्हा पॅटरसन टिकला २ मिनिटं १० सेकंद.

पण माझ्या यादीत सगळ्यात वर जॉर्ज फोरमन, आणि त्याच्याबद्दल मी जरा सविस्तर लिहिणार आहे.

२२ जानेवारी १९७३, जमैकातलं किंग्स्टन. समोर जो फ्रेझियर, तोवर एकदाही न हरलेला जगज्जेता, मोहम्मद अलीला पहिल्यांदा हरवणारा. फ्रेझियर खाली वाकत, डोकं सतत हलवत आत शिरायचा आणि डावा हुक, म्हणजे कोपर वाकवून बाजूने येणारा ठोसा, मारायचा. १९७१ च्या मार्चमध्ये पंधराव्या राउंडला त्याच हुकने त्याने अलीला खाली पाडलं होतं. फोरमनने काय केलं, तर फ्रेझियर आत आला की दोन्ही हातांनी त्याचे खांदे धरल्यासारखे करून त्याला मागे ढकललं. त्या धक्क्याने फ्रेझियर नेमका अशा जागी जायचा, जिथून त्याचा हुक पोचत नव्हता आणि फोरमनचे हात मात्र पोचत होते. तो परत वाकून यायला लागला की उजवा अपरकट, म्हणजे खालून वर हनुवटीकडे येणारा ठोसा. दोन राउंडमध्ये फ्रेझियर सहा वेळा पडला. शेवटच्या वेळी तर त्याचे पाय जमिनीवरून उचलले गेले. सगळे फोरमनच्या ठोशाबद्दल बोलतात. मी माझ्या पोरांना तो धक्का दाखवते, कारण ठोशाला जागा करून दिली त्या धक्क्याने.

पुढच्या वर्षी कॅराकसमध्ये केन नॉर्टनचाही दुसऱ्याच राउंडमध्ये निकाल लागला. फ्रेझियर आणि नॉर्टन, दोघांनीही अलीला हरवलेलं होतं. तेव्हा ऑक्टोबर १९७४ मध्ये अली झाईरमधल्या (आताच्या काँगोतल्या) किन्शासाला फोरमनसमोर उतरला, तेव्हा त्याला काही इजा तर होणार नाही ना, अशी काळजी लोकांना वाटत होती, त्यात नवल नाही. फोरमनच्या खात्यात ४० लढती, ४० विजय, त्यातले ३७ नॉकआउट.

फोरमन रिंग कापण्यात पटाईत होता. अली बाजूला सरकला की तो मागे धावत नसे, पुढच्या कोपऱ्याची वाट अडवून उभा राहायचा. त्यामुळे अलीला त्याच्या दुप्पट पावलं टाकावी लागत होती, आणि त्या उकाड्यात ते परवडणारं नव्हतं. म्हणून त्याने पळणं सोडलं, रिंगच्या दोरांना पाठ टेकली, हात चेहऱ्यासमोर धरले आणि फोरमनला मारू दिलं. जवळ आला की त्याची मान धरून खाली दाबायची, म्हणजे समोरच्याचा दम आणखी लवकर जातो. आठव्या राउंडपर्यंत फोरमनच्या हातात जोर राहिला नव्हता, आणि तिथेच तो पडला. अंतर ठरवायचा हक्क त्याच्याकडून काढून घेतला गेला, हे त्या लढतीचं मर्म मला वाटतं. बाकी ठोसा कुठे जात नाही. नोव्हेंबर १९९४ मध्ये, वयाच्या ४५ व्या वर्षी, हाच फोरमन मायकल मूररकडून नऊ राउंड मार खात राहिला आणि दहाव्यात एका आखूड उजव्या ठोशाने परत जगज्जेता झाला.

निव्वळ ताकदच बघायची तर अर्नी शेव्हर्स. ७४ विजयांपैकी ६८ नॉकआउट. नॉर्टनला त्याने पहिल्याच राउंडमध्ये संपवलं. तरीही अलीने त्याच्याशी १५ राउंड खेळून लढत जिंकली, लॅरी होम्स सातव्या राउंडमध्ये त्याच्या उजव्या हाताने आडवा झाला आणि तरी उठून अकराव्यात जिंकला. शेव्हर्स कधी जगज्जेता झाला नाही. तुमच्या ‘ताकद की स्टाईल’ या प्रश्नाचं उत्तर मला त्याच्या कारकिर्दीत सगळ्यात स्वच्छ दिसतं.

आता हलक्या वजनांकडे येते. मराठीत बॉक्सिंगवर लिहिणारे बहुतेक हेवीवेटवरच थांबतात, हे मला खटकतं. मेक्सिकोचा हुलिओ सेझार चावेझ शरीरावर मारायचा. उजव्या बाजूला बरगड्यांच्या खाली लिव्हर असतं, आणि समोरच्याचा डावा हुक बरोबर तिथे बसतो. हा मार ज्याने खाल्लाय त्यालाच कळेल. डोक्याला लागलं तर निदान शुद्ध हरपते. लिव्हरला लागलं की शुद्ध पूर्ण असते. क्षणभर काहीच होत नाही, माणूस पुढचं पाऊलही टाकतो, आणि मग श्वास अडकून गुडघे आपोआप वाकतात. रेफरी आकडे मोजतोय हे ऐकू येतं, उठायचं असतं, उठता येत नाही. मी हे स्पारिंगमध्ये, म्हणजे सरावाच्या लढतीत, अनुभवलंय, आणि म्हणून कोपर बरगडीपासून सुटली की पोरांवर ओरडते.

मार्च १९९० मध्ये मेल्ड्रिक टेलर हा विजेसारखा चपळ बॉक्सर चावेझविरुद्ध तीनपैकी दोन जजच्या कार्डावर पुढे होता. पण राउंडमागून राउंड चावेझ त्याला थोडं थोडं पोखरत गेला, बाराव्या राउंडमध्ये टेलर कोसळला, आणि शेवटची २ सेकंद उरली असताना रेफरीने लढत थांबवली. त्या निर्णयावर लोक अजून भांडतात. माझ्या मते टेलरची अवस्था बघता रेफरी बरोबर होता.

याच चावेझला १९९३ मध्ये पर्नेल व्हिटेकरने हतबल केलं. निकाल बरोबरीचा दिला गेला, पण मला त्यात चावेझने जिंकलेले राउंड शोधावे लागतात. व्हिटेकर होता साउथपॉ, म्हणजे उजवा हात आणि उजवा पाय पुढे ठेवून खेळणारा.

साउथपॉ का नकोसा वाटतो ते आमच्याकडे रोज दिसतं. पंधरा-सोळा वर्षांची एक डावखुरी पोरगी आहे. नवीन मुलगा तिच्यासमोर उभा केला की दोघांचे पुढचे पाय समोरासमोर येऊन एकमेकांवर पडतात. तिला याची सवय आहे, कारण ती रोज उजव्या हाताच्या पोरांशीच खेळते. त्याला नाही. ती पुढचा पाय त्याच्या पायाच्या बाहेर टाकते, तेवढ्याने तिचा मागचा डावा हात त्याच्या हनुवटीच्या सरळ रेषेत येतो आणि त्याचा उजवा हात भलतीकडे जातो. दोन मिनिटांत तो पायांकडे बघायला लागतो. पायांकडे बघितलं की ठोसा बसलाच.

युक्रेनचा ओलेक्झांडर उसिक हेच जगातल्या सगळ्यात धिप्पाड माणसांशी करतो. उंची ६ फूट ३ इंच, आणि मे २०२४ मध्ये रियाधला त्याने ६ फूट ९ इंचांच्या टायसन फ्युरीला हरवून हेवीवेटचे चारही मुख्य किताब एकत्र केले. नवव्या राउंडमध्ये फ्युरी कसाबसा उभा राहिला होता. उसिक लिस्टनसारखा रोखून बघत नाही, फोरमनसारखं मारतही नाही. पण बारा राउंड तो समोरच्याला पाय रोवू देत नाही. आपल्या मेरी कोमचंही तसंच. तीही डावखुरी, सहा वेळा जगज्जेती, आणि लंडनला २०१२ मध्ये तिचा वजनगट ऑलिम्पिकमध्ये नव्हता म्हणून ५१ किलोत थोराड मुलींशी खेळून कांस्य आणलं.

तुम्ही शेवटी विचारलंय, यातल्या कुणासमोर उभं राहायला सगळ्यात जास्त नको वाटेल. ऐन भरातल्या चावेझसमोर. फोरमनसमोर सगळं लवकर संपलं असतं.

आणि लढती बघायच्या असतील तर आधी किंग्स्टन बघा, मग लगेच किन्शासा. दोन्हीकडे फोरमनचे हात सोडून पाय बघत राहा. मग उसिक–फ्युरीची पहिली लढत लावा, त्यात तर पुढचे दोन पायच बघा. काही अडलं तर खाली विचारा, राउंडनुसार सांगेन.