वाचकांचे प्रश्न : सेंट ट्रिनियन्सचं पोस्टर आणि आंबट वासाचं रीळ

प्रश्न : ‘द बेल्स ऑफ सेंट ट्रिनियन्स’ (1954) या निवासी शाळेवरच्या ब्रिटिश विनोदपटाचं मूळ पोस्टर मिळतंय. एकही घडी नाही, अगदी कोरं करकरीत. घ्यावं का? आणि याला एवढी मागणी कशामुळे?

उत्तर : कोरं करकरीत आहे म्हणूनच थांबा. ब्रिटनमधली ‘क्वाड’ पोस्टरं (आडवी, 30 बाय 40 इंच) त्या काळी घडी घालूनच थिएटरांत पोचायची. घडीची खूण हा दोष धरू नका. काही बहाद्दर नकलेवर घड्याही छापतात! खुणेवरून बोट फिरवा. कागद सपाट लागला तर काय ते समजा. मग शीर्षकाच्या अक्षरांवर 10 पटीचं भिंग धरा. अस्सल छपाईत अक्षर भरीव शाईचं असतं, कड स्वच्छ. स्कॅन करून छापलेल्यात तीच कड ठिपक्यांत फुटते. नुसत्या मापावर भिस्त नको, कारण अस्सल पोस्टरच्याही कडा कुणी छाटलेल्या असतात.

मागणीचं म्हणाल, तर इथे दोन गिऱ्हाईकं एकाच मालावर येतात. एक अ‍ॅलिस्टर सिमचे चाहते : मुख्याध्यापिका मिस फ्रिटन आणि तिचा भाऊ क्लॅरेन्स, दोन्ही भूमिका त्याच्याच. दुसरे रोनाल्ड सर्लचे, कारण ही शाळा मुळात त्याच्या व्यंगचित्रांतली. सेंट ट्रिनियन्सच्या चित्रपटमालिकेतल्या 1980 च्या चित्रपटात सिम नाही. संग्रहाची सुरुवात त्या चित्रपटाच्या पोस्टरने करू नये, असं आमचं मत.

प्रश्न : याच चित्रपटाच्या 16 मिमी प्रिंटचा डबा उघडला की आंबट वास येतो. हवा दिली तर जाईल?

उत्तर : वास कमी होईल, रोग राहील. अ‍ॅसिटेट (त्या काळच्या प्रिंटचं प्लास्टिक) फिल्म कुजताना सुटणारं आम्ल कुजणं आणखी वाढवतं, शेजारच्या रिळांनाही बाधतं. डबा आधी वेगळा काढा. त्यात ए-डी पट्टी (आम्ल लागलं की रंग बदलणारी कागदी पट्टी) 24 तास ठेवा : निळी राहिली तर ठीक, हिरवी झाली तर कुजणं सुरू, पिवळी झाली तर फार पुढे गेलंय. मग सलग 100 फ्रेम मोजा; लांबी 762 मिमी हवी. 6 मिमीहून जास्त घट असेल तर प्रोजेक्टरवर चढवू नका. दाते छिद्रांत बसत नाहीत, फिल्म फाटते. थंड, कोरड्या जागी कुजणं मंदावतं, थांबत नाही.

विकत घेण्याआधी लांबीही विचारा. 16 मिमी मिनिटाला 36 फूट धावते. सुमारे 90 मिनिटांना 3,240 फूट लागतात. बरीच कमी निघाली, तर कुठेतरी कात्री लागलीय.