लँडलाइनवरचे ब्रॉडबँड सतत तुटते. बिल थांबवता येईल का?

प्रश्न : मी संगमेश्वर तालुक्यात राहते आणि घरूनच नववी-दहावीच्या मुलांच्या गणिताच्या ऑनलाइन शिकवण्या घेते. घरी लँडलाइनवरचे ब्रॉडबँड आहे. योजना ‘१० एमबीपीएसपर्यंत’ वेगाची असली तरी प्रत्यक्षात जेमतेम एक-दीड एमबीपीएस मिळतो आणि पावसाळा सुरू झाल्यापासून शिकवणीच्या तासाभरात कनेक्शन चार-पाच वेळा तुटते. तक्रार केली की दोन दिवसांत ‘निराकरण झाले’ असा मेसेज येतो. घरी मात्र कोणी फिरकत नाही. वैतागून मी तीन महिन्यांचे बिल भरलेले नाही. आता कंपनीच्या वकिलांची थकबाकीची नोटीस आली असून पंधरा दिवसांची मुदत दिली आहे. मी काय करावे?

उत्तर : सप्रेम नमस्कार. तुमची तक्रार खरी आहे आणि ती कायद्याच्या कसोटीवर टिकणारीही आहे, परंतु बिल थांबवणे ही तुमच्याकडून झालेली चूक आहे आणि ती सर्वांत आधी दुरुस्त करायला हवी. ग्राहक आयोगासमोर तुम्ही ‘सेवा सदोष होती’ असे म्हणाल तेव्हा कंपनी ‘ग्राहक थकबाकीदार आहे, म्हणून सेवा खंडित केली’ असे उत्तर देईल आणि मूळ मुद्दा बाजूला पडेल. म्हणून नोटिशीच्या मुदतीच्या आत रक्कम ऑनलाइन किंवा धनादेशाने भरा आणि त्याच दिवशी कंपनीला ईमेल व स्पीड पोस्टाने कळवा की ही रक्कम आपण हरकत नोंदवून आणि आपले सर्व हक्क अबाधित ठेवून भरत आहोत. नोटिशीला उत्तर म्हणून हेच पत्र पुरेसे आहे. त्यात सर्व तक्रारींच्या तारखा आणि डॉकेट क्रमांक (तक्रार नोंदवल्यावर मिळणारा क्रमांक) मात्र न चुकता लिहा.

यानंतरचा प्रश्न दोष कुठे आहे हा आहे, आणि असे दावे बहुधा याच प्रश्नावर जिंकले किंवा हरले जातात, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो. कंपनीचा ठरलेला बचाव असतो की बिघाड ग्राहकाच्या घरातील वायरिंगचा किंवा वायफायचा आहे. तो बचाव आजच निकालात काढा. बाहेरून येणारी तार घरात ज्या पहिल्या सॉकेटला जोडलेली आहे तिथेच मोडेम लावा, बाकीची एक्स्टेन्शन व स्प्लिटर काढून ठेवा आणि संगणक लॅन केबलने जोडून वेग मोजा. मोडेमच्या सेटिंगच्या पानावर ‘एसएनआर मार्जिन’ (लाइनवरच्या गोंगाटापेक्षा सिग्नल किती वरचढ आहे) आणि ‘अटेन्युएशन’ (तारेत सिग्नल किती क्षीण होतो) हे दोन आकडे दिसतात, त्यांचे तारीख-वेळेसह फोटो घ्या. मार्जिन सहा डेसिबलच्या खाली जात असेल तर लाइन वारंवार तुटणे स्वाभाविक आहे. मग मोडेम काढून साधा टेलिफोन लावा, रिसीव्हर उचलून एक आकडा दाबा आणि डायल टोन थांबल्यावर कान देऊन ऐका. त्या शांततेत खरखर ऐकू आली आणि पाऊस असताना ती वाढत असेल, तर खांबावरच्या डीपी बॉक्समध्ये (जिथून घरोघरच्या तारा फुटतात त्या पेटीत) किंवा केबलच्या जोडात पाणी शिरले असण्याची दाट शक्यता आहे. हा भाग कंपनीच्या ताब्यातला आहे, तुमच्या नव्हे.

इथे एक भेद मात्र प्रामाणिकपणे मान्य करायला हवा. तांब्याच्या तारेवर टेलिफोन एक्स्चेंजपासूनचे अंतर वाढेल तसा वेग घटतोच. तो कोणाचा निष्काळजीपणा नसतो. परंतु तुमचे घर किती लांब आहे हे कंपनीला माहीत असताना तिने जी योजना त्या तारेवर चालूच शकत नाही ती विकली असेल, तर अनुचित व्यापारी प्रथेचा मुद्दा उभा राहतो. शिवाय केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये ब्रॉडबँडच्या व्याख्येतील किमान डाउनलोड वेग ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएस केला आहे. केबलने मोजूनही तुम्हाला एक-दीडच मिळत असेल, तर ‘पर्यंत’ या शब्दाचा आडोसा कंपनीला फारसा उपयोगी पडणार नाही.

तक्रार न सोडवताच बंद केली जाते, यावर ‘ट्राय’च्या (दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या) २०१२ च्या तक्रार निवारण विनियमांत उपाय आहे. जुन्या डॉकेट क्रमांकाचा उल्लेख करून नव्याने तक्रार नोंदवा आणि ठरलेल्या मुदतीत दाद न मिळाल्यास कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांच्या आत अपील करा. त्याला शुल्क नाही आणि ३९ दिवसांत निर्णय देणे बंधनकारक आहे. ‘ट्राय’ स्वतः वैयक्तिक तक्रारींचा निवाडा करत नाही, त्यामुळे तिकडे अर्ज पाठवण्यात वेळ दवडू नका. कंपनी सरकारी मालकीची असेल तर माहिती अधिकारात दहा रुपये शुल्क भरून आपल्या क्रमांकाच्या बिघाडांची संपूर्ण नोंद मागा; ‘निराकरण’ कोणी, कधी आणि कोणते काम करून केले हे त्यांनाच लिहून द्यावे लागेल.

अपील केले म्हणून किंवा केले नाही म्हणून ग्राहक आयोगाचा मार्ग बंद होत नाही. टेलिफोनचे वाद आयोगापुढे चालत नाहीत असा समज २००९ च्या एका निकालामुळे रुजला होता. सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०२२ रोजी व्होडाफोन आयडिया विरुद्ध अजयकुमार अगरवाल या प्रकरणात तो दूर केला. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे रत्नागिरीच्या जिल्हा आयोगात, तक्रार दाखल करता येते, मग कंपनीचे मुख्य कार्यालय कुठेही असो. दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही, तक्रार दाखल करण्याची मुदत दोन वर्षांची आहे आणि वकील देणे सक्तीचे नाही.

कंपनी दोन आक्षेप घेईल असे मला वाटते. शिकवणी हा व्यवसाय असल्याने तुम्ही ग्राहकच नाही, हा पहिला. स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी केलेला वापर ‘व्यापारी हेतू’ ठरत नाही असे उत्तर द्या आणि तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात तुम्ही एकट्या शिकवता आणि त्यावर घर चालते हे लिहा. दुसरा आक्षेप करारातील अटींवर बोट ठेवेल. त्याला उत्तर देताना ‘करारच अन्यायकारक आहे’ अशी मांडणी करू नका, कारण अन्यायकारक कराराचे दावे जिल्हा आयोगाच्या कक्षेत येत नाहीत, ते राज्य आयोगाकडे जातात. तुमचा मुद्दा सेवेतील त्रुटीपुरताच ठेवा.

मागणी बेताची असावी: लाइनची दुरुस्ती, बिघाडाच्या दिवसांचे भाडे परत, मनस्ताप आणि खर्चापोटी वाजवी रक्कम. शिकवणी सोडलेल्या मुलांच्या फीचे नुकसान मागायचे असेल तर पालकांचे ‘आवाज तुटतो, म्हणून थांबवतो’ असे मेसेज जपून ठेवा. ते नसतील तर ती मागणी सोडलेली बरी. आज संध्याकाळपासून एका वहीत कनेक्शन तुटल्याची वेळ, पुन्हा जुळल्याची वेळ आणि त्या वेळी पाऊस होता की नाही एवढे तीन रकाने लिहायला सुरुवात करा, आणि बिल भरल्याच्या पावतीची प्रत त्याच वहीत लावून ठेवा.