गेलिक फुटबॉलमध्ये बचावपटूचं नाव होतं का, की सगळं कौतुक गोल करणाऱ्यांचंच?

होतं, आणि चांगलंच होतं. मी काही वर्षांपासून आयर्लंडच्या पश्चिमेला मेयो काउंटीत राहतो. इथे मेयोचा बचावपटू ली कीगन याचं नाव काढा, बोलणं अर्धा तास तरी थांबत नाही. म्हणून उत्तर त्याच्याच कारकिर्दीतून देतो.

आधी खेळाबद्दल थोडं. प्रत्येक संघात 15 जण आणि काउंटी पातळीवरचा सामना 70 मिनिटांचा. चेंडू हातात घेता येतो, पण चार पावलांनंतर तो जमिनीवर आपटावा लागतो किंवा पायाने उडवून परत झेलावा लागतो. आडव्या दांड्याखालून जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे 3 गुण. वरून गेला तर कीगनच्या काळात 1 गुण असायचा. खेळाडूंना पगार नसतो. सोमवारी सगळे आपापल्या कामावर. आणि खेळायचं ते आपल्या काउंटीकडून, जास्त पैसे देणाऱ्या संघाकडून नाही.

कीगन 1989 चा, वेस्टपोर्टचा. त्याची जागा बचावफळीच्या कडेची, पाठीवर 5 नंबर. प्रतिस्पर्ध्याच्या सर्वांत धोकादायक खेळाडूला चिकटून राहायचं हे त्याचं काम. पण तो नुसता अडवत बसायचा नाही. ज्याला अडवायचं तो पुढे धावत नाही असं दिसलं की हाच सुटायचा, मग त्या नामांकित आक्रमकाला याच्यामागे पळत यावं लागायचं. डब्लिनच्या डियरमुड कॉनलीशी त्याची जी जुगलबंदी रंगायची, तिचं मर्म हेच होतं. बचाव करण्याची याहून हुशार पद्धत मी पाहिलेली नाही.

2016 ची अखिल आयर्लंड स्पर्धेची डब्लिनविरुद्धची अंतिम लढत बरोबरीत सुटली आणि 1 ऑक्टोबरला पुन्हा खेळवली गेली. त्या दिवशी कीगनने गोल केला, आणि पूर्वार्धातच काळं कार्ड (तेव्हाच्या नियमाने उरलेल्या सामन्यासाठी बाहेर बसवणारी शिक्षा) मिळून तो बाहेरही गेला. मेयो एका गुणाने हरलं. तो शेवटपर्यंत मैदानात असता तर, हा विषय इथे अजूनही निघतो. माझं मत विचाराल तर मेयो जिंकलं असतं. हरलेल्या संघातला असूनही त्या वर्षीचा देशातला सर्वोत्तम फुटबॉलपटू म्हणून त्याचीच निवड झाली. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे.

2017 च्या अंतिम सामन्यातही त्याचा गोल होता. शेवटच्या क्षणी गुण समान असताना डब्लिनचा डीन रॉक फ्री किक घ्यायला धावला, तेव्हा कीगनने जर्सीतलं जीपीएस यंत्र काढून त्याच्या दिशेने फेकलं. रॉकने तरीही चेंडू दांड्यावरून मारला. पुन्हा एका गुणाने हार. ते फेकणं चूकच होतं, त्याचं समर्थन मी करणार नाही. पण मेयोने याआधी अखिल आयर्लंड विजेतेपद जिंकलं ते 1951 मध्ये, हे ठाऊक असलं की त्या क्षणी माणसाच्या जिवाची काय घालमेल झाली असेल ते कळतं.

2012, 2013, 2016, 2017, 2020, 2021. इतक्या वर्षी अंतिम फेरी गाठूनही त्याच्या हाती सॅम मॅग्वायर करंडक, म्हणजे अखिल आयर्लंड विजेत्याचा करंडक, एकदाही आला नाही. वर्षातल्या सर्वोत्तम पंधरा जणांना मिळणारा ऑल स्टार पुरस्कार मात्र पाच वेळा मिळाला. 2021 चा पाचवा मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण मधल्या काळात दुखापतींनी त्याला फार छळलं होतं. त्याच हंगामात मेयोने उपांत्य फेरीत डब्लिनला हरवून त्यांची सलग सहा विजेतेपदांची मालिका तोडली.

जानेवारी 2023 मध्ये तो काउंटी संघातून निवृत्त झाला. त्याच्या काही महिने आधी त्याच्या गावाच्या क्लबने, वेस्टपोर्टने, मेयोचं वरिष्ठ गटाचं विजेतेपद पहिल्यांदाच पटकावलं होतं, आणि त्या संघात तो होता.

सामना बघायचाच असेल तर 2016 चा तो दुसरा सामना बघा. पूर्वार्धात चेंडू सोडून फक्त 5 नंबरवर नजर ठेवा.