‘कुणालाही सांगणार नाही’ असे म्हणण्यापूर्वी

प्रिय विद्यार्थिनी,

तुमच्या पत्रातील शाळेचे आणि गावाचे नाव मी येथे गाळले आहे, कारण तेवढ्यावरूनही ती मुलगी ओळखू येऊ शकेल. टी. वाय. बी. ए.ला मानसशास्त्र घेऊन तुम्ही एका शाळेत इंटर्नशिप करत होता. नववीतल्या एका मुलीने ‘कुणालाही सांगणार नाही’ असा शब्द तुमच्याकडून घेतला आणि मग, वहीच्या पानाचा कोपरा दुमडत, नात्यातला एक माणूस आपल्याशी लैंगिक गैरवर्तन करतो असे सांगितले. दुसऱ्या दिवशी तुम्ही ते शाळेच्या समुपदेशक बाईंच्या कानावर घातले आणि तेव्हापासून ती तुमच्याशी बोलत नाही आणि तुमची झोप उडाली आहे. आपण तिचा विश्वासघात केला का, आणि हे झेपत नसेल तर मानसशास्त्र सोडून एमबीए करावे का, असे तुम्ही विचारता.

तुम्ही सांगितलेत हे योग्यच केलेत. अडचण आहे ती तेवढ्यावर थांबण्याची. 2012 च्या पॉक्सो कायद्याच्या (बालकांना लैंगिक अपराधांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या) कलम 19 नुसार अशा गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येक व्यक्तीने ती स्थानिक पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे बंधनकारक आहे, आणि न कळवल्यास कलम 21 मध्ये सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. शाळेला कळवणे म्हणजे पोलिसांना कळवणे नव्हे. त्यामुळे तक्रार खरोखर नोंदली गेली का, हे बाईंना आजच विचारा. नोंदली नसेल, तर तुमच्या विभागप्रमुखांना सोबत घेऊन तुम्ही स्वतः कळवा. सद्हेतूने माहिती देणाऱ्याला हा कायदा संरक्षण देतो. 1098 ही बालकांसाठीची हेल्पलाइनही आहे.

‘वरिष्ठांना सांगितले, आता आपली जबाबदारी संपली’ ही समजूत किती महागात पडते, हे या विषयाच्या पाठ्यपुस्तकांत हमखास येणाऱ्या टॅरासॉफ खटल्यातून दिसते. 1969 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकणाऱ्या एका भारतीय विद्यार्थ्याने आपण एका तरुणीचा खून करणार असल्याचे उपचार करणाऱ्या मानसशास्त्रज्ञाला सांगितले. त्या मानसशास्त्रज्ञाने विद्यापीठाच्या पोलिसांना कळवले, पोलिसांनी चौकशी करून विद्यार्थ्याला सोडून दिले, मात्र त्या तरुणीला कुणीच सावध केले नाही, आणि ऑक्टोबरमध्ये तिचा खून झाला. जिच्या जिवाला धोका आहे तिच्या संरक्षणासाठी वाजवी काळजी घेणे हे उपचारकाचे कर्तव्य आहे, असा निकाल कॅलिफोर्निया राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 1976 मध्ये दिला. आपल्याकडे 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम 23 रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देते, परंतु दुसऱ्या व्यक्तीला इजेपासून वाचवणे किंवा जिवावरचा धोका टाळणे यांसारखे अपवादही तेच कलम सांगते.

तुमची चूक झाली ती सांगण्यात नव्हे, आधी दिलेल्या शब्दात. पहिल्याच बैठकीत असे म्हणायचे असते: ‘तू जे बोलशील ते माझ्याजवळ राहील, पण तुझ्या किंवा कुणाच्या जिवाला धोका असेल, किंवा कुणी तुझ्याशी वाईट वागत असेल, तर मला ते मदत करू शकेल अशा माणसाला सांगावं लागेल, आणि त्याआधी मी तुला सांगेन.’ हे वाक्य आरशासमोर दहा वेळा म्हणून पाहा, कारण समोर रडणारे मूल असले की ते तोंडातून निघत नाही. माझी चूक याच्या उलट होती. नवखा असताना एका मुलाच्या आईने दारातच ‘काय म्हणाला हो आमचा?’ असे विचारले आणि मी सहज अर्धे वाक्य बोलून गेलो. त्यात धोक्याचे काहीही नव्हते, म्हणजेच सांगण्याचे काही कारणही नव्हते. तो मुलगा पुन्हा आला नाही.

आता एमबीएविषयी. व्यवस्थापनाची ओढ असेल तर खुशाल जा, परंतु झोप उडाली म्हणून जाऊ नका. या प्रसंगात झोप न उडणारा विद्यार्थी मला अधिक चिंताजनक वाटला असता. राहिलात, तर एम. ए.साठी विभाग निवडताना निकाल आणि इमारत यांपेक्षा एक गोष्ट खोदून विचारा: विद्यार्थ्याच्या केसवर दर आठवड्याला कोण बसते आणि किती वेळ? ज्याला आपण सुपरव्हिजन म्हणतो, म्हणजे केसवर अनुभवी माणसाचे नियमित मार्गदर्शन, ते तुम्हाला मिळाले असते, तर त्या मुलीचे ऐकल्यानंतरची रात्र तुम्ही एकटीने काढली नसती. ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ म्हणून काम करायचे असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेचे, म्हणजे आरसीआयचे, मान्यताप्राप्त प्रशिक्षण आणि नोंदणी आवश्यक आहे. तेथील अभ्यासक्रमांची रचना सध्या बदलत असल्याने संस्थेच्या जाहिरातीवर विसंबू नका, परिषदेच्या संकेतस्थळावरील यादी पाहा.

त्या मुलीला भेटायचे असेल तर बाईंच्या संमतीने, एकदाच भेटा. घडलेल्या प्रकाराबद्दल एकही प्रश्न विचारू नका. ते तिला आधीच अनेकांना सांगावे लागणार आहे. ‘मी कुणालाही सांगणार नाही असं म्हटलं, ते माझं चुकलं. पण सांगितलं, कारण तू सुरक्षित असायला हवीस’ एवढेच बोला, आणि ती गप्प राहिली तर तिला गप्प राहू द्या.