आखाडा बंद केला, तरी मार्क का घसरले?

"ताई, पाचपासून खुर्चीवर बसलेला असतो. मग मार्क जातात कुठे?"

दांडिया बाजारातून माझ्याकडे सल्ल्याला आलेल्या आईंचा प्रश्न. मुलगा नववीत. आठवीपर्यंत रोज मल्लखांबाला जायचा, आखाड्यातल्या व्यायामाचे गुरू प्रो. माणिकरावांच्या बडोद्यात त्यात नवल ते काय! नववी लागली तसा आखाडा बंद आणि गणिताची ट्युशन सुरू. सहामाहीत नेमके गणितातच 12 मार्क कमी.

पालक तास मोजतात. मी मुलाला एवढंच सांगितलं, आठवडाभर पान उलटलं की समासात वेळ टिप. वही घेऊन आला तेव्हा स्वतःच ओशाळला होता. तीन तासांत जेमतेम सहा पानं. शेवटचा तास तर पेन्सिलीला टोक काढण्यात आणि पाणी प्यायला उठण्यात गेलेला. रात्री साडेबारापर्यंत जागाच. दिवसभर बसून राहिलेल्या अंगाला झोप येणार कशी?

नुसतं 20 मिनिटं भरभर चाललं तरी त्यानंतर काही वेळ मुलांचं लक्ष जास्त टिकतं, असं प्रयोगांत दिसलंय. जागतिक आरोग्य संघटना तर 5 ते 17 वर्षांच्या मुलांना रोज सरासरी 60 मिनिटं दम लागेल अशी हालचाल सांगते.

"म्हणजे मल्लखांबाने गणित येईल?" बाबा जरा खोचकपणेच म्हणाले. नाही येणार. गणित गणितं सोडवूनच येतं. हे मी मुद्दाम बोलते, कारण काही घरांत खेळसुद्धा टॉनिकसारखा पाजतात.

ठरलं असं: ट्युशन राहील, पण पाच ते सहा मल्लखांब, मग अंघोळ, खाणं, सात ते साडेआठ अभ्यास आणि दहाला दिवा बंद. पहिला आठवडा फुकट गेला. दंड भरून आलेले, पोरगं वहीवरच पेंगायचं. आईंचा चिडून फोन. पंधरवड्यानंतर मात्र त्याच दीड तासात आठ-नऊ पानं व्हायला लागली. वार्षिक परीक्षेत 12 पैकी सातच मार्क परत आले. भूमिती कच्ची होती. ते काम ट्युशनच्या सरांचं, माझं नव्हे.

यंदा तो दहावीत. परवा आईंनी विचारलं, "नवरात्रात गरब्याला सोडू का?" म्हटलं, दोन-तीन रात्री खुशाल सोडा. फक्त दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर उठवू नका.