टेरोडॅक्टिल : बोटावर उडणारा शब्द

‘टेरोडॅक्टिल या शब्दाचा अर्थ काय, तो प्टेरोडॅक्टिल असा का लिहीत नाहीत, आणि त्याला उडता डायनासोर म्हटले तर चालेल का?’ असे तीन प्रश्न एकदम आले आहेत.

शब्द ग्रीक आहे. ‘प्तेरॉन’ म्हणजे पंख आणि ‘दाक्तिलोस’ म्हणजे बोट. ज्याचे बोटच पंख झाले तो टेरोडॅक्टिल. जर्मनीतल्या बव्हेरियाच्या चुनखडीत सापडलेल्या त्याच्या जीवाश्माचे पहिले वर्णन इटालियन निसर्गशास्त्रज्ञ कोलिनी यांनी 1784 मध्ये केले. त्यांना तो समुद्रातला प्राणी वाटला होता. हा उडणारा सरीसृप, म्हणजे सरपटणाऱ्या प्राण्यांच्या वर्गातला, आहे हे फ्रेंच शास्त्रज्ञ क्युव्हिए यांनी ओळखले आणि 1809 मध्ये त्याला हे नाव दिले.

नाव किती नेमके आहे ते हात पसरून पाहा. वटवाघळाच्या पंखाचा पडदा अनेक बोटांवर छत्रीसारखा ताणलेला असतो. टेरोडॅक्टिलची पहिली तीन बोटे लहान आणि नखे असलेली, चौथे मात्र अतोनात लांब. पंखाचा मनगटापुढचा सगळा भाग त्या एकट्या बोटाने तोलून धरलेला. करंगळी नाहीच. अंगठ्यापासून मोजले तर आपले चौथे बोट म्हणजे अनामिका. आपण जिला नावाविना ठेवले, त्याच बोटावरून या प्राण्याचे नाव पडावे, याचे मला फार अप्रूप वाटते.

‘प्तेरॉन’ आपल्याला परका नाही. त्याचे मूळ आणि संस्कृत ‘पत्’ धातूचे मूळ एकच. पत् म्हणजे उडणे आणि पडणेही. त्यातूनच ‘पत्र’ आले, ज्याचा अर्थ संस्कृतात पंख, पीस, पान असा होता. पोस्टाने जाणारे पत्र ही नंतरची गोष्ट. पतंगही त्याच घरातला. (‘पंख’ मात्र ‘पक्ष’वरून आला, त्याचे घर वेगळे.) ‘हेलिकॉप्टर’ या शब्दाच्या शेपटीशी जो ‘प्टर’ आहे तोही हाच पंख.

मग हेलिकॉप्टरमध्ये ‘प’ ऐकू येतो आणि टेरोडॅक्टिलमध्ये का नाही? ग्रीकमध्ये तो उच्चारला जातो, फ्रेंचमध्येही. इंग्रजीला शब्दारंभी ‘प्ट’ जमत नाही म्हणून ‘प’ गळतो, आणि आपण शब्द इंग्रजीकडून घेतला. प्राचीन ग्रीक खगोलशास्त्रज्ञ टॉलेमी (Ptolemy) याच्या नावाचेही तेच झाले आहे. ‘प्टेरोडॅक्टिल’ लिहिणे मुळाला धरून आहे, पण मराठीत ‘टेरोडॅक्टिल’ रुळले आहे आणि मी तेच लिहीन.

‘उडता डायनासोर’ मात्र लिहू नये. टेरोडॅक्टिल डायनासोरांचा जवळचा नातेवाईक आहे, पण त्या कुळातला नाही. खरे तर उडणारे डायनासोर म्हणजे पक्षी, कारण ते डायनासोरांच्याच एका शाखेतून आले, टेरोडॅक्टिलपासून नव्हे.

आणखी एक घोटाळा नेहमी दिसतो. या सगळ्या उडत्या सरीसृपांच्या गटाचे नाव ‘टेरोसॉर’. टेरोडॅक्टिल हा त्यातला एक, सुमारे 15 कोटी वर्षांपूर्वीचा, पंखांचा पसारा साधारण एक मीटर. चित्रांत डोक्यामागे लांब तुरा असलेला जो अजस्र प्राणी टेरोडॅक्टिल म्हणून दाखवतात, तो बहुधा टेरॅनोडॉन असतो. त्याच्या नावाचा अर्थ ‘पंख असलेला, दात नसलेला’, आणि टेरोडॅक्टिलच्या जबड्यात तर दातांची रांग होती. म्हणून गटाबद्दल बोलताना ‘टेरोसॉर’ किंवा सरळ ‘उडते सरीसृप’ म्हणावे.

लहान मुलांना सांगताना मी ‘पंखबोट्या’ म्हणतो. लिहिताना शब्द पुल्लिंगी ठेवावा: तो टेरोडॅक्टिल, टेरोडॅक्टिलचा पंख. अनेकवचनही ‘ते टेरोडॅक्टिल’ एवढेच; मागे इंग्रजीचा ‘स’ जोडायची गरज नाही.