मन घेत नाही, म्हणून नकार द्यावा का?

प्रश्न : आमच्या घरात सासूबाईंच्या मनाला जे वाटते त्याला फार मान आहे. माझा मुलगा तीन वर्षांचा असताना त्याला ताप आला होता. डॉक्टरांनी साधा ताप आहे असे सांगून औषध दिले आणि घरी पाठवले. पण सासूबाई ‘हे पोर मला बरे दिसत नाही’ एवढेच म्हणत राहिल्या आणि त्याच रात्री त्यांनी आम्हाला पुन्हा दवाखाना गाठायला लावला. न्यूमोनिया निघाला. तेव्हापासून घरात त्यांचा शब्द शेवटचा. आता माझ्या नणंदेच्या मुलीचे लग्न जुळत आले आहे. मुलगा शिकलेला आहे, नोकरी चांगली आहे, दोघांनी एकमेकांना पसंत केले आहे. सासूबाई मात्र म्हणतात, ‘माझे मन घेत नाही.’ कारण विचारले तर त्यांना सांगता येत नाही. नणंद पार घाबरून गेली आहे. त्यांचे ऐकावे का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : तुमच्या पत्रात दोन वेगळे प्रसंग आहेत आणि घरातल्यांनी दोन्हींना एकच माप लावले आहे.

तापाच्या रात्री सासूबाईंना जे वाटले, त्याची उकल बऱ्याच अंशी करता येते. नातवाला रोज भरवणाऱ्या आणि झोपवणाऱ्या आजीला त्याचे नेहमीचे आजारपण पाठ असते : तापातही तो गोष्ट मागतो की नाही, पाणी कसे पितो, कुशीत घेतल्यावर किरकिर थांबते की नाही. त्या दिवशी यातले काहीतरी बदललेले असणार. श्वास भरभर चालला असेल, पोट उडत असेल, हाक मारल्यावर पोर नेहमीसारखे बघत नसेल. नजरेने ते टिपले, पण नेमके काय टिपले हे त्यांना सांगता आले नाही, एवढेच.

डॉक्टरांच्या बाबतीतही हेच घडते. बेल्जियममधल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०१२ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात तपासणीनंतर ज्या ३,३६९ मुलांचा आजार गंभीर नाही असे ठरवले गेले, त्यांपैकी ६ जणांना पुढे गंभीर संसर्गामुळे रुग्णालयात दाखल करावे लागले. तपासणीत काही हाती लागलेले नसतानाही ‘काहीतरी बिनसले आहे’ असे डॉक्टरांना जिथे वाटले, तिथे त्या वाटण्यावर विसंबून पावले उचलली असती, तर या ६ पैकी २ मुलांचा आजार वेळीच ओळखता आला असता आणि त्यापायी ४४ वेळा धावपळ फुकट गेली असती. ‘या वेळचे आजारपण नेहमीसारखे नाही’ हे आईवडिलांचे म्हणणे डॉक्टरांच्या मनात शंका उत्पन्न करणाऱ्या महत्त्वाच्या गोष्टींपैकी एक होते.

यातला ४४ हा आकडा मला विशेष मोलाचा वाटतो. मुलाला विनाकारण पुन्हा दवाखान्यात नेले, तर रिक्षाभाडे, तपासणीची फी आणि एका रात्रीची झोप जाते. म्हणून तिथे मनात आलेली शंका बहुतेक वेळा पोकळ ठरली तरी तिच्यामागे धावणेच शहाणपणाचे असते, आणि डॉक्टर काय म्हणतील या संकोचाने कोणी थांबू नये. ठरत आलेले लग्न मोडणे ही मात्र दोन माणसांच्या आयुष्याची गोष्ट आहे, तिथे शंकेवर इतक्या स्वस्तात विसंबता येत नाही.

अशा अंतःप्रेरणेवर भरवसा कधी ठेवावा, याविषयी डॅनियल कानेमन आणि गॅरी क्लाइन या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००९ साली एकत्र लेख लिहिला. क्लाइन हे अग्निशमन दलातल्या अनुभवी अधिकाऱ्यांच्या झटपट निर्णयांचा अभ्यास करणारे आणि त्या निर्णयांची थोरवी मानणारे, तर कानेमन यांचे बरेचसे संशोधन माणसाच्या अशा निर्णयांतल्या चुका दाखवणारे. तरीही दोन अटींवर दोघांचे एकमत झाले. ज्या क्षेत्रात निर्णय घ्यायचा त्यात काही नियमितपणा असावा, आणि आपला अंदाज बरोबर आला की चुकला हे त्या माणसाला दीर्घकाळ, वारंवार कळत गेलेले असावे. नातवंडांच्या तापाला या दोन्ही अटी लागू पडतात. स्थळाला त्या कितपत लागू पडतील? चहापोह्यांच्या बैठकीत पाहिलेल्या माणसाचा स्वभाव खरा कसा निघाला हे कळायला वर्षे जातात, आणि ज्याला नकार दिला तो पुढे कसा वागला हे तर बहुधा कधीच कळत नाही. शिवाय न्यूमोनियाची रात्र घरातल्या प्रत्येकाला आठवते, पण सासूबाईंच्या मनात पाल चुकचुकली आणि पुढे काहीच झाले नाही, असे दिवस कोणी मोजून ठेवलेले नसतात.

तरीही त्यांचे म्हणणे झिडकारू नका. ‘का?’ असे विचारले की वडीलधाऱ्या माणसांना आपण उलटतपासणी करतो आहोत असे वाटते. त्याऐवजी निवांतपणे विचारावे, ‘आई, बैठकीत नेमके कोणत्या वेळी तुम्हाला असे वाटले?’ कदाचित मुलाला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर त्याची आईच देत होती, नोकरीविषयी बोलताना तो विषय बदलत होता, किंवा ‘हुंडा नको, फक्त लग्न आमच्या इतमामाने करून द्या’ हे वाक्य त्यांच्या कानाला खटकले होते. असे काही पुढे आले तर त्याची चौकशी करता येते : नोकरीच्या ठिकाणी, शेजारीपाजारी, कर्जाविषयी थेट विचारून. कधी कधी ‘मन घेत नाही’ या शब्दांमागे जात, गाव किंवा रंग यांविषयीची नापसंती असते आणि ती उघड बोलायची लाज वाटते, हेही मनाशी असू द्या. चौकशीत काही निघाले नाही, तर निर्णय त्या दोघांवर सोपवावा.

एक अपवाद मात्र मी आग्रहाने सांगते. उद्या तुमच्या भाचीनेच ‘मला काहीतरी बरे वाटत नाही’ असे म्हटले, तर तिच्याकडे कारण मागू नका. त्या घरात तिला राहायचे आहे. तिचा नकार पुराव्यावाचूनही पुरेसा मानला पाहिजे.

प्रश्न : यजमान मोटारसायकलवरून कामाला निघाले की मला रोज काहीतरी वाईट घडणार असे वाटते. त्यातच हल्ली माझी उजवी पापणी सतत लवते. झोप लागत नाही. हा संकेत समजावा का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : पापणी लवण्यामागे बहुधा थकवा, जागरण आणि जास्त चहा-कॉफी असते, काही आठवडे ती थांबली नाही, तर नेत्रतज्ज्ञांना दाखवा. राहिली ती भीती. एखाद्या प्रसंगात काही खटकले म्हणून आलेली शंका त्या प्रसंगाशी बांधलेली असते. तुमची भीती मात्र रोज येते, यजमान सुखरूप परतले तरी दुसऱ्या दिवशी तेवढीच असते आणि झोप घेऊन जाते. आपल्याकडे ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ म्हणतात ते अशाच अवस्थेविषयी. याला संकेत न मानता चिंतेचा त्रास मानावा, आणि त्यावर उपचार आहेत. केंद्र सरकारच्या ‘टेलिमानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून रात्रंदिवस विनामूल्य चालू आहे आणि तिथे मराठीतून बोलता येते. यजमानांना हेल्मेट घालायला अवश्य सांगा, पण ते पोहोचले का हे विचारण्यासाठी दिवसातून किती वेळा फोन करायचा, हे दोघांनी बसून ठरवा.